विखुरलेल्या टीम्स, एकत्र कोड

अ‍ॅजाइल पद्धती ज्या परिस्थितीत आकाराला आल्या आणि आज ज्या परिस्थितीत त्या वापरल्या जातात, त्या दोहोंत मोठी तफावत आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे जमलेल्या सतरा सॉफ्टवेअर-तज्ज्ञांनी जो अ‍ॅजाइल जाहीरनामा तयार केला, त्यामागे मुख्यतः एका खोलीत बसणाऱ्या लहान टीम्सचा अनुभव होता, आणि जाहीरनाम्याला जोडलेल्या बारा तत्त्वांपैकी एक तत्त्व समोरासमोरच्या संभाषणालाच माहिती पोहोचवण्याचे सर्वांत कार्यक्षम साधन मानते. पुढील दहा-पंधरा वर्षांत मात्र या पद्धती अशा कंपन्यांनीही स्वीकारल्या, ज्यांचे शेकडो किंवा हजारो अभियंते दोन-तीन खंडांत पसरलेले होते, ज्यांपैकी अनेकांनी एकमेकांना कधी पाहिलेही नव्हते आणि ज्यांच्या कामाच्या वेळा जेमतेम जुळत होत्या. लहान टीमसाठी घडलेली पद्धत अशा संस्थेत कोणत्या अटींवर चालते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोन दशकांतील अनुभवांवरून बऱ्याच अंशी देता येते. रोजच्या बैठका, नवी पदनामे आणि भिंतीवरचे फलक ही या बदलाची सर्वांत सोपी बाजू असते. काम कोणत्या रेषेवर वाटायचे आणि सर्वांनी लिहिलेला कोड किती वेळा एकत्र आणून तपासायचा, या दोन प्रश्नांना संस्था काय उत्तर देते त्यावर बदलाचे यशापयश ठरते.

टप्प्यांकडून आवर्तनांकडे

अ‍ॅजाइलपूर्वीची रूढ पद्धत टप्प्यांची होती. ग्राहकाच्या गरजा आधी पूर्णपणे लिहून काढायच्या, मग आराखडा करायचा, त्यानंतर कोड लिहायचा, शेवटी चाचणी घ्यायची आणि प्रत्येक टप्पा पुरा झाल्यावर कागदपत्रांसह काम पुढच्या विभागाकडे सोपवायचे, असा हा क्रम पुढे ‘वॉटरफॉल’ या नावाने ओळखला गेला. विन्स्टन रॉइस यांच्या १९७० मधील ज्या निबंधातील आकृतीला या पद्धतीचे मूळ मानले जाते, त्या निबंधात हा शब्द येत नाही. इतकेच नव्हे, तर चाचणी अगदी शेवटी ठेवणारी ही सरळ मांडणी धोक्याची आहे, असा इशारा रॉइस यांनी तिथेच दिला होता. चुकीचे गृहीतक पहिल्या महिन्यात धरले गेले आणि ते चुकल्याचे अठराव्या महिन्यातील चाचणीत कळले, तर मधल्या काळात त्यावर रचलेले सारे काम पुन्हा करावे लागते, हा तो धोका होय.

अ‍ॅजाइल पद्धती हे अंतर कमी करतात. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘स्क्रम’ पद्धतीत काम ‘स्प्रिंट’ नावाच्या ठराविक लांबीच्या आवर्तनांत, म्हणजे साधारणतः दोन ते चार आठवड्यांच्या तुकड्यांत, विभागले जाते. करावयाच्या कामांची अग्रक्रमाने लावलेली यादी, म्हणजे ‘बॅकलॉग’, ‘प्रॉडक्ट ओनर’ नावाची व्यक्ती सांभाळते. आणि प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी चालू स्थितीतील सॉफ्टवेअर दाखवणे अपेक्षित असते. याच सुमारास केंट बेक यांनी क्रायस्लर कंपनीच्या वेतनप्रणालीवर काम करताना ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ ही पद्धत घडवली. तिचा भर प्रत्यक्ष अभियांत्रिकीवर होता: कोडआधी त्याची चाचणी लिहिणे, दोघांनी मिळून एका संगणकावर काम करणे, आणि प्रत्येकाचा कोड दिवसातून अनेकदा मुख्य कोडमध्ये मिसळून तो लगेच तपासणे, ज्याला ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणजे सततचे एकत्रीकरण म्हणतात.

मोठ्या संस्थांनी या दोहोंपैकी पहिली पद्धत उत्साहाने उचलली आणि दुसरी अनेकदा बाजूला ठेवली. स्क्रमच्या बैठका ठरवण्यासाठी कॅलेंडर पुरते, पण सततच्या एकत्रीकरणासाठी जुना कोड उपसावा लागतो, स्वयंचलित चाचण्या लिहाव्या लागतात आणि यंत्रसामग्रीवर खर्च करावा लागतो. अभियांत्रिकीकडे दुर्लक्ष करून केवळ स्क्रम स्वीकारणाऱ्या प्रकल्पांचा वेग काही काळाने कोडच्या ढासळलेल्या दर्जामुळे मंदावतो, असा इशारा मार्टिन फाउलर यांनी २००९ मध्ये दिला होता. विखुरलेल्या संस्थांत त्याचा प्रत्यय अधिक तीव्रतेने येतो, कारण तिथे दर्जाची त्रुटी आणि अंतर या दोन अडचणी एकमेकींना बळ देतात.

अंतराची किंमत

अंतरामुळे नेमके काय बिघडते, याचा अभ्यास अ‍ॅजाइलच्या आधीपासून झाला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे टॉमस अ‍ॅलन यांनी संशोधन-प्रयोगशाळांतील अभियंत्यांचे निरीक्षण करून १९७७ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की दोन व्यक्तींची बसण्याची जागा जसजशी दूर जाते, तसतसे त्यांच्यातील कामाविषयीचे बोलणे झपाट्याने कमी होते, आणि सुमारे ५० मीटरपलीकडे ते इतके विरळ होते की आणखी अंतर वाढल्याने फारसा फरक पडत नाही. याचा अर्थ एकाच इमारतीच्या दोन टोकांना बसलेल्या टीम्सही या दृष्टीने ‘दूर’ असतात.

जेम्स हर्ब्सलेब आणि ऑड्रिस मॉकस यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे मोजमाप सॉफ्टवेअरपुरते केले. एकाहून अधिक ठिकाणच्या लोकांचा सहभाग असलेल्या कामांना, एकाच ठिकाणी झालेल्या तशाच कामांपेक्षा, सुमारे अडीचपट कालावधी लागत असल्याचे त्यांना आढळले. या निष्कर्षाइतकेच त्याचे कारणही महत्त्वाचे आहे: दोन ठिकाणी विभागलेल्या कामात अधिक माणसे गुंतवावी लागतात, आणि विलंबाचा मोठा भाग या वाढलेल्या संख्येतून येतो. माणसे वाढली की संवादाच्या जोड्या त्याहून वेगाने वाढतात, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते. दहा जणांच्या टीममध्ये अशा ४५ जोड्या होतात, तर ४०० जणांच्या विभागात ७९,८००.

घड्याळातील फरक या अडचणीत भर घालतो. पुण्यातील चाचणी-अभियंत्याला सोमवारी संध्याकाळी ५ वाजता पडलेला प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोत हिवाळ्यात सोमवारच्या पहाटे साडेतीनला पोहोचतो. तेथील अभियंता सकाळी १० वाजता उत्तर देतो तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, आणि ते उत्तर मंगळवारी सकाळी वाचले जाते. उत्तरात एखादी संदिग्धता राहिली, तर बुधवार उजाडतो. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे दिवस दहाच असतात, त्यामुळे अशा दोन-तीन फेऱ्यांत स्प्रिंटचा सुमारे पाव हिस्सा निघून जातो. एका देशात रात्र झाली की दुसऱ्या देशात काम सुरू राहील आणि म्हणून चोवीस तास प्रगती होईल, हा जागतिक विकेंद्रीकरणाचा आकर्षक युक्तिवाद हस्तांतराच्या या खर्चाचा हिशेब धरत नाही.

काम कापण्याची रेषा

१९६८ मध्ये मेल्व्हिन कॉनवे यांनी असे निरीक्षण मांडले की कोणतीही संस्था जी प्रणाली रचते, तिच्या घडणीत त्या संस्थेतील संवादाच्या मार्गांचीच प्रतिकृती उमटते. ‘कॉनवेचा नियम’ म्हणून प्रसिद्ध असलेले हे निरीक्षण विखुरलेल्या संस्थेला थेट लागू पडते, कारण तिथे संवादाचे मार्ग भूगोलाने आधीच ठरवलेले असतात. संस्थेने काम कोणत्याही रेषेवर कापले तरी त्या रेषेवरचा संवाद महाग होणारच असतो, म्हणून जिथे बोलण्याची गरज सर्वांत कमी तिथे रेष ओढणे हाच शहाणपणा ठरतो.

प्रत्यक्षात बहुतेक कंपन्यांनी पहिली रेष नेमकी उलट ठिकाणी ओढली. गरजांचे विश्लेषण आणि आराखडा अमेरिकेत किंवा युरोपात, कोडलेखन आणि चाचणी बंगळुरू, हैदराबाद किंवा पुण्यात, अशी कृतींनुसार केलेली वाटणी टप्प्यांच्या पद्धतीला साजेशी होती, कारण त्या पद्धतीत टप्प्यांमधला दुवा जाडजूड दस्तऐवजाचा असे. अ‍ॅजाइलमध्ये विश्लेषण, कोड आणि चाचणी एकाच आठवड्यात, कधी एकाच दिवशी, एकमेकांना खेटून चालतात; त्यामुळे जिथे सर्वाधिक बोलणे आवश्यक असते तीच जागा समुद्रापलीकडे जाते.

थॉटवर्क्स या कंपनीने २००१ पासून बंगळुरू येथील कार्यालयातून अ‍ॅजाइल पद्धतीने ऑफशोअर काम सुरू केले आणि त्या अनुभवाचे सविस्तर विवेचन फाउलर यांनी केले. टीम्सची विभागणी कृतींनुसार न करता उत्पादनातील कार्यांनुसार करावी, हा त्यांचा प्रमुख निष्कर्ष होता. म्हणजे बंगळुरूच्या टीमला केवळ चाचणी देण्याऐवजी ‘बिल तयार करणे’ किंवा ‘मालाची नोंद ठेवणे’ असा एक संपूर्ण भाग द्यावा, आणि त्या भागाचे विश्लेषण, कोड व चाचणी तिथेच व्हावी. अशा टीमला ‘फीचर टीम’ म्हणतात. याउलट प्रणालीचा एखादा तांत्रिक स्तर, जसे माहितीसाठा किंवा पडद्यावरील मांडणी, सांभाळणाऱ्या टीमला ‘कंपोनंट टीम’ म्हटले जाते. फाउलर यांनी याला दुसरी जोड सुचवली ती ‘दूतां’ची: एका ठिकाणच्या अभियंत्याने काही महिने दुसऱ्या ठिकाणी राहून काम करावे आणि मग त्याची जागा दुसऱ्याने घ्यावी. असा दूत आपल्या टीमचे तांत्रिक प्रश्न तर सोडवतोच, पण कार्यालयातील अनौपचारिक बोलण्यातून जे कळते आणि कोणत्याही ईमेलमध्ये लिहिले जात नाही, तेही तो पोहोचवतो.

एचपी लेझरजेट : चारशे अभियंते आणि एक कोड

अंतर असूनही मोठी संस्था काय साधू शकते, याचे सर्वांत नीट नोंदवलेले उदाहरण एचपी कंपनीच्या लेझरजेट फर्मवेअर विभागाचे आहे. प्रिंटर, स्कॅनर यांसारख्या यंत्रांच्या आत बसवलेले आणि त्यांना चालवणारे सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. ते लिहिणारे सुमारे ४०० अभियंते अमेरिका, ब्राझील आणि भारत या तीन देशांत काम करत होते, आणि २००८ च्या सुमारास हा विभाग कंपनीच्या उत्पादनयोजनेतील अडथळा बनला होता. विभागाने आपला खर्च कुठे जातो याचा हिशेब मांडला, तेव्हा चित्र असे दिसले: १० टक्के श्रम वेगवेगळ्या कोडच्या एकत्रीकरणात, २० टक्के तपशीलवार नियोजनात, २५ टक्के एका प्रिंटरसाठी लिहिलेला कोड दुसऱ्यावर बसवण्यात, २५ टक्के बाजारात आधीच असलेल्या उत्पादनांच्या देखभालीत आणि १५ टक्के हाताने केलेल्या चाचणीत जात होते. नव्या सुविधा लिहिण्यासाठी उरत होते ५ टक्के.

या आकड्यांत रोगाचे निदान दडलेले होते. प्रत्येक प्रिंटर-मॉडेलसाठी कोडची वेगळी ‘ब्रँच’, म्हणजे स्वतंत्रपणे वाढणारी प्रत, ठेवली जात होती. त्यामुळे एकच दुरुस्ती अनेक प्रतींत पुन्हा पुन्हा करावी लागे. या स्थितीत रोज सकाळी पंधरा मिनिटांची बैठक सुरू केली असती, तरी या ९५ टक्क्यांतील फारच थोडा भाग हलला असता. विभागाचे नेतृत्व करणारे गॅरी ग्रूव्हर आणि त्यांचे सहकारी यांनी म्हणूनच टीम-स्तरावरील रिवाजांपासून सुरुवात न करता कोडच्या रचनेपासून सुरुवात केली. सर्व मॉडेलांसाठी एकच मुख्य कोड ठेवायचा, आणि कोणत्या यंत्रात कोणती सुविधा आहे हे यंत्र चालू होताना एका मांडणी-फाइलमधून ठरवायचे, असा निर्णय झाला.

एकाच कोडवर तीन देशांतील चारशे जण काम करू लागले, तर कोणाच्याही चुकीने सर्वांचे काम अडू शकते. ही जोखीम पेलण्यासाठी स्वयंचलित चाचण्यांचा मोठा संच उभारण्यात आला आणि प्रत्येक बदल खऱ्या प्रिंटरवर तपासणे अशक्य असल्याने प्रिंटरची नक्कल करणारे सॉफ्टवेअर तयार करण्यात आले. कोणाच्या बदलाने मुख्य कोड मोडला, तर इतर काम थांबवून तो आधी दुरुस्त करायचा, हा दंडक झाला. सर्व कोड जुळवून चालणारी आवृत्ती तयार करण्याच्या क्रियेला ‘बिल्ड’ म्हणतात. पूर्वी दिवसाला एक होणारे बिल्ड आता १० ते १५ होऊ लागले, रोज शंभराहून अधिक बदल मुख्य कोडमध्ये मिसळू लागले, आणि सहा आठवडे चालणारी संपूर्ण फेरचाचणी एका दिवसात होऊ लागली.

साधारण तीन वर्षांनी तोच हिशेब पुन्हा मांडला गेला. एकत्रीकरणाचा वाटा १० वरून २ टक्क्यांवर, नियोजनाचा २० वरून ५ वर, कोड दुसऱ्या मॉडेलवर बसवण्याचा २५ वरून १५ वर, देखभालीचा २५ वरून १० वर आणि हाताने होणाऱ्या चाचणीचा १५ वरून ५ वर आला होता. स्वयंचलित चाचण्या लिहिणे व सांभाळणे यासाठी २३ टक्के हा नवा खर्च उभा राहिला, आणि तरीही नव्या सुविधांसाठीचा वाटा ५ वरून ४० टक्क्यांवर गेला. विकासाचा एकूण खर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटला. या २३ टक्क्यांकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण अ‍ॅजाइल स्वीकारताना व्यवस्थापन सर्वाधिक टाळाटाळ करते ती याच खर्चाबाबत.

विखुरलेल्या टीम्सच्या दृष्टीने या बदलाचा गाभा असा की, पूर्वी ज्या गोष्टी कॅलिफोर्नियातील किंवा आयडाहोतील कोणाला विचाराव्या लागत, त्यांपैकी बऱ्याच गोष्टी आता चाचणी-संच सांगू लागला. भारतातील अभियंत्याने केलेला बदल अमेरिकेतील कोडशी विसंगत असेल, तर ते कळण्यासाठी कोणी जागे होण्याची वाट पाहावी लागत नव्हती.

साठवलेल्या चुका

मायक्रोसॉफ्टच्या ज्या विभागातून आजची ‘अझ्युअर डेव्हऑप्स’ ही साधने आली, त्या विभागाने २०१० मध्ये तीन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले. त्याच्या टीम्स रेडमंड, नॉर्थ कॅरोलायना आणि हैदराबाद येथे होत्या, आणि सर्वांचे स्प्रिंट एकाच दिवशी सुरू होऊन एकाच दिवशी संपत. आरंभी काही स्प्रिंटनंतर एक ‘स्थिरीकरण’ स्प्रिंट, म्हणजे केवळ चुका दुरुस्त करण्याचा काळ, राखून ठेवलेला होता. परिणाम अपेक्षेच्या उलट झाला: पुढे दुरुस्तीला वेळ आहे हे माहीत असल्याने काही टीम्स चुका मागे टाकत राहिल्या, आणि ज्या टीम्सनी आपले घर नीट ठेवले होते त्यांना शेवटी इतरांच्या चुका निस्तरण्यासाठी जावे लागले.

विभागाने हा राखीव काळ रद्द करून त्याऐवजी एक साधी मर्यादा घातली. टीममधील अभियंत्यांची संख्या गुणिले पाच, इतक्याच न सुटलेल्या चुका टीमच्या नावावर असू शकतात. दहा जणांच्या टीमकडे ५० हून अधिक झाल्या की नवे काम थांबवायचे. या नियमाची ताकद अशी की तो पाळला जातो आहे की नाही, हे कोणत्याही देशातून एका आकड्यावरून पाहता येते आणि त्यासाठी वेगळ्या अहवालाची किंवा बैठकीची आवश्यकता पडत नाही.

टीम्सचा परस्परमेळ

काम कितीही काळजीपूर्वक कापले, तरी काही परस्परावलंबन उरतेच. त्यासाठी स्क्रमने सुचवलेला उपाय ‘स्क्रम ऑफ स्क्रम्स’ हा आहे, ज्यात प्रत्येक टीमचा एक प्रतिनिधी ठराविक काळाने इतर टीम्सच्या प्रतिनिधींना भेटतो. फिनलंडमधील संशोधक मारिया पासिवारा, कास्पर लासेनियस आणि व्हिले हेइक्किला यांनी वीसहून अधिक टीम्स असलेल्या दोन विखुरलेल्या संस्थांत या बैठकांचे निरीक्षण करून २०१२ मध्ये दाखवले की सर्व टीम्सना एकत्र बोलावणाऱ्या बैठका बऱ्याचशा निष्फळ ठरतात, कारण एकाने सांगितलेली अडचण उरलेल्या बहुतेकांच्या कामाशी संबंधित नसते. याउलट एकाच सुविधेवर काम करणाऱ्या मोजक्या टीम्सच्या बैठका उपयुक्त ठरल्या.

एरिक्सन या दूरसंचार कंपनीच्या एका विभागात याला पूरक असा दुसरा मार्ग दिसला. सुमारे ४०० जण, ४० स्क्रम टीम्स आणि तीन ठिकाणे असलेल्या या विभागात समान विषयात रस असलेल्यांचे वीसहून अधिक ‘अभ्यासगट’ चालत, ज्यांना व्यवस्थापनशास्त्रात ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ म्हणतात. चांगला विषय, उत्साही नेतृत्व, योग्य कार्यक्रमपत्रिका, खुले सदस्यत्व आणि गरजेनुसार सर्व ठिकाणांचा सहभाग यांबरोबरच निर्णय घेण्याचा अधिकार हेही यशस्वी गटांचे लक्षण असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. अधिकार नसलेला गट चर्चामंडळ बनतो आणि व्यग्र अभियंते लवकरच तिकडे फिरकेनासे होतात.

या गरजेतून तयार चौकटींची बाजारपेठही उभी राहिली. डीन लेफिंगवेल यांची २०११ मधील ‘सेफ’ ही चौकट ५० ते १२५ जणांचे समूह बांधून दर आठ ते बारा आठवड्यांनी त्यांचे सामूहिक नियोजन घडवते. क्रेग लार्मन आणि बास व्होडे यांची ‘लेस’ ही चौकट पदे व स्तर कमी करून एका प्रॉडक्ट ओनरच्या हाताखाली आठपर्यंत टीम्स ठेवते. आणि ‘स्पॉटिफाय मॉडेल’ म्हणून ओळखली जाणारी रचना म्हणजे त्या कंपनीने २०१२ मध्ये तीन शहरांतील तीस टीम्ससह आपण कसे काम करतो याचे केलेले वर्णन होते, इतरांनी जसेच्या तसे उचलावे असा नमुना नव्हे.

सर्व एकदम की पायरीपायरीने

बदल एका झटक्यात करावा की टप्प्याटप्प्याने, या वादात सेल्सफोर्सचे उदाहरण नेहमी दिले जाते. २००६ मध्ये या कंपनीने आपल्या सुमारे तीस टीम्स अवघ्या तीन महिन्यांत अ‍ॅजाइलकडे वळवल्या आणि तिचे लांबलेले रिलीज पुन्हा ठरल्या वेळी होऊ लागले. पण सेल्सफोर्सचे सर्व ग्राहक इंटरनेटवरून एकच आवृत्ती वापरत होते आणि स्वयंचलित चाचण्या आधीपासून प्रचारात होत्या. एचपीला जी पूर्वतयारी करायला वर्षे लागली, तिचा मोठा भाग तिथे हाताशी होता.

एरिक्सनच्या, दोन खंडांतील पाच ठिकाणी पसरलेल्या, दुसऱ्या एका विकास-कार्यक्रमाचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. पासिवारा आणि सहकाऱ्यांनी ४५ मुलाखतींच्या आधारे २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. या संस्थेने आपल्या डझनावारी टीम्सची रचना एकदाच ठरवून न टाकता तिच्यात वेळोवेळी प्रयोग केले, आणि हा प्रयोगशील, पायरीपायरीचा मार्ग अभ्यासकांना योग्य वाटला. कोणतीही टीम कोणतेही काम उचलू शकेल, ही अ‍ॅजाइलची आदर्श अपेक्षा मात्र इतक्या मोठ्या उत्पादनात पुरी होऊ शकली नाही आणि काही प्रमाणात विशेषीकरण मान्य करावे लागले. शिवाय सर्वांसाठी समान चौकट, समान प्रशिक्षण आणि पुरेसे मार्गदर्शन नसल्याने वेगवेगळ्या ठिकाणांनी अ‍ॅजाइलचे वेगवेगळे अर्थ लावले. स्वायत्तता द्यायची, पण ‘काम पूर्ण झाले’ म्हणजे काय याची व्याख्या सर्वत्र एकच ठेवायची, हा समतोल विखुरलेल्या संस्थेला सतत सांभाळावा लागतो.

करार, अधिकार आणि माणसे

भारतीय वाचकाला या विषयाची जी बाजू सर्वांत परिचित असते, ती कराराची आणि पदश्रेणीची. सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांचा व्यवसाय दीर्घकाळ ठरलेल्या किमतीच्या किंवा माणशी-तासांच्या करारांवर उभा राहिला. ठरलेल्या किमतीच्या करारात प्रत्येक बदल हा वाटाघाटीचा विषय असतो, तर अ‍ॅजाइलमध्ये बदल हीच नित्याची गोष्ट मानली जाते. करार जुना आणि पद्धत नवी असेल, तर पुणे किंवा मुंबईतील टीम दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट साजरा करते, पण व्याप्ती आणि तारीख दोन्ही वर्षभर आधी ठरलेलीच राहतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० पर्यंत संपूर्ण संस्था अ‍ॅजाइल करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि एकत्र बसण्याची अट न धरणारी ‘लोकेशन इंडिपेंडंट अ‍ॅजाइल’ ही आपली पद्धत मांडली. चार लाखांहून अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेने असे उद्दिष्ट ठेवणे, हेच या पद्धतीने लहान टीमची मर्यादा ओलांडल्याचे लक्षण होते. मार्च २०२० मधील टाळेबंदीने तर जगातील बहुतेक सर्वच सॉफ्टवेअर-टीम्स रातोरात विखुरलेल्या झाल्या.

अधिकाराचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. प्रॉडक्ट ओनर अमेरिकेत, आर्किटेक्ट युरोपात आणि उरलेली टीम भारतात असेल, तर बैठकीत सर्वांना समान बोलण्याची मुभा असूनही निर्णय एकाच बाजूने वाहतात. वरिष्ठांसमोर किंवा ग्राहकासमोर ‘हे जमणार नाही’ असे स्पष्ट न म्हणण्याची सवय भारतातील ऑफशोअर कामात अडचण ठरते, हे फाउलर यांनीही नोंदवले होते. मात्र या संकोचाला केवळ संस्कृतीचा दोष मानणे अपुरे आहे, कारण नकार देणाऱ्याच्या मूल्यमापनावर त्याचा परिणाम होत असेल तर कोणत्याही देशातील माणूस गप्प बसणेच पसंत करतो. निर्णय घेऊ शकणारा प्रॉडक्ट ओनर किंवा त्याचा अधिकारप्राप्त प्रतिनिधी टीमच्या ठिकाणी असणे हा यावरचा प्रत्यक्ष उपाय आहे. तसेच उशिरा रात्रीच्या कॉलचा भार नेहमी एकाच देशाने वाहणे अन्यायाचे असल्याने, वेळ आळीपाळीने बदलण्याचा नियम लेखी असावा.

मधल्या फळीतील व्यवस्थापकांची भूमिकाही बदलते. कामे वाटून देणे आणि प्रगतीचे अहवाल वर पाठवणे ही त्यांची जुनी कर्तव्ये टीमने स्वतः उचलली की त्यांच्यापुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहतो, आणि त्यांना नवे काम स्पष्टपणे न दिल्यास ते जुन्या कामाला नवी नावे देऊन ते चालू ठेवतात. किम डिकर्ट, पासिवारा आणि लासेनियस यांनी ४२ संस्थांच्या अनुभवांचे २०१६ मध्ये केलेले संकलन सांगते की व्यवस्थापनाचा पाठिंबा, संस्थेला साजेसा केलेला अ‍ॅजाइलचा नमुना, प्रशिक्षण व मार्गदर्शन आणि समान दृष्टिकोन हे यशाचे ठळक घटक आहेत. त्यातील बहुतेक नोंदी बदल घडवणाऱ्यांनीच लिहिलेल्या असल्याने फसलेल्या प्रयत्नांची संख्या त्यांवरून काढता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

निष्कर्ष

या सर्व अनुभवांतून बदलाचा एक क्रम सुचतो. प्रथम श्रम कुठे खर्च होतात याचा एचपीसारखा प्रामाणिक हिशेब मांडावा. मग काम अशा रेषेवर कापावे की एका टीमला आपला भाग दुसऱ्या खंडातील उत्तराची वाट न पाहता पूर्ण करता येईल. त्याच वेळी कोड एका मुख्य प्रवाहात आणून त्याची रोज अनेकदा स्वयंचलित चाचणी होईल अशी व्यवस्था उभारावी. आणि त्यानंतरच बैठका, पदे व चौकट यांची निवड करावी. लहान, एकत्र बसणाऱ्या टीममध्ये हा क्रम थोडा चुकला तरी माणसे बोलून तो सावरून घेतात. विखुरलेल्या संस्थेत ती सोय नसते.

संस्था खरोखर अ‍ॅजाइल झाली आहे का, हे तपासायचे असेल तर तिच्या स्प्रिंटची किंवा प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची संख्या विचारण्याची गरज नाही. एका देशात केलेली चूक दुसऱ्या देशातील सहकाऱ्याला त्रास होण्याआधी, कोणी कोणाला न विचारता, किती वेळात उघड होते, एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर काही तासांत असेल तर पद्धत रुजली आहे. उत्तर आठवड्यांत असेल, तर बदलली आहेत ती फक्त बैठकांची नावे.